जेवताना पाहता येईल असा फोटो

बुधवार, २० फेब्रुवारी २०१९. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या भाडेकरूने माझ्या दाराची कडी वाजवली. मी तयार होतो. पाणसळ, ओळंबा आणि मोजण्याची फीत पिशवीत भरून ठेवली होती. त्याच्या हातात कॅमेऱ्याची पेटी, खांद्यावर तिपाई आणि काखेत घडीची खुर्ची होती.

"साहेब, आजचा दिवस फुकट गेला तर वापी," तो म्हणाला.

"मग दारात वेळ घालवू नका," मी म्हणालो.

मोटारसायकलवर मी मागे बसलो आणि तिपाई मांडीवर आडवी घेतली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अशा रीतीने तलासरी तालुक्यात जाण्याचे मला स्वतःचे काही कारण नव्हते. कारण तो होता. म्हणून आधी त्याच्याविषयी.

२०१४ साली तो डहाणू रोडला आमच्या घरामागची खोली पाहायला आला. इतर भाडेकरू पाण्याची वेळ विचारतात. त्याने उत्तरेची भिंत कोणती, ते विचारले. मग तिच्यावर तळहात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. सडपातळ अंगावर चार खिशांचा सदरा. गाव वरोर. वडिलांची मासेमारीची होडी होती आणि याला होडी लागत असे. किनारा दिसेनासा झाला की ओकाऱ्या. वडिलांनी तीन वर्षे वाट पाहिली आणि मग त्याला पालघरच्या एका फोटो स्टुडिओत बसवले. तेव्हापासून उंबरगावपासून पालघरपर्यंत तो लग्नांचे फोटो काढत आला होता.

"लग्नाचा फोटो एकदाच विकला जातो," तो मला म्हणाला, "आणि तोही ज्याचं लग्न त्यालाच. मला असा फोटो काढायचाय, जो माझा कोणी लागत नाही असा माणूस पैसे देऊन घरी नेईल आणि भिंतीवर लावेल."

"कशाचा फोटो?"

"तेच शोधतोय, साहेब."

उत्तर प्रामाणिक वाटले. खोली दिली.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. चौतीस वर्षे मी लोकांच्या जमिनी मोजल्या. चित्रकलेतले मला काही कळत नाही आणि कळावे अशी इच्छाही नव्हती. माझ्या घरात भिंतीवर दोन वस्तू होत्या. स्वयंपाकघरात दिनदर्शिका, आणि बाहेरच्या खोलीत दारासमोर माझ्या दिवंगत पत्नीचा फोटो. आल्यानंतर महिन्याभरात त्याने दिनदर्शिकेच्या भिंतीची मागणी केली. जेवायला बसलो की ती माझ्या समोर येत असे.

"एक फोटो लावतो. तुम्ही फक्त जेवायचं," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी बघतो."

"फोटो?"

"छे, तुम्हाला."

मी वर्षभर नकार दिला. मग एकदा आजारपणात त्याने आठ दिवस डबा आणून दिला आणि मला नकार देणे अवघड झाले.

विकल्या जाणाऱ्या फोटोविषयी त्याचा सिद्धान्त एकच होता. ज्याच्याकडे पाहत माणूस जेवू शकतो, तो फोटो विकला जातो. ज्याने घास हातात थांबतो, तो प्रदर्शनात वाहवा मिळवतो आणि तिथेच राहतो. अजिबात न पाहता माणूस जेवला, तर तो फोटोच नव्हे, भिंतीचा डाग. घास चालू राहावा आणि नजर मात्र पुन्हापुन्हा वर जावी, एवढेच त्याला हवे असे. एकदा त्याने विहिरीच्या आतल्या भिंतीचा फोटो लावला. मला तो बरा वाटला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तो उतरवला.

"का?"

"तुम्ही जेवताना चारदा पाणी प्यालात. घेणाऱ्याला घशाला कोरड पडून चालणार नाही."

त्याने मागे पेन्सिलीने लिहिले, 'विहीर: तहान.' नापास झालेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तो असा शेरा लिहीत असे. मला तो परीक्षक म्हणून उत्तम मानी. "तुम्हाला काहीच आवडत नाही," तो म्हणे, "त्यामुळे खोटं कौतुक होत नाही."

दुसरी परीक्षा चारोटीला. हमरस्त्यावरच्या एका खानावळवाल्याला गाठून त्याने कोपऱ्यातल्या टेबलासमोरची भिंत मिळवली होती. तिथे एक चहा घेऊन तो तासन् तास बसे आणि ट्रकचालकांचे घास पाहत राही. खानावळवाला त्याला पाहिले की ओरडे, "आले घासमास्तर! अरे, कोपऱ्यातलं टेबल पुसा, आज परीक्षा आहे!" एकदा एका चालकाने उठून त्याची गचांडी धरली. तो इतका वेळ आपल्या तोंडाकडे का पाहतो, हे त्याला कळेना. आमच्या भाडेकरूने शांतपणे विचारले, "भाऊ, फोटो कसा वाटला?" चालक म्हणाला, "कोणता फोटो?" त्याने तोही फोटो नापास केला.

विषय नाकारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. समुद्रकाठच्या एका हॉटेलवाल्याने त्याच्याकडे सूर्यास्त मागितला. हा खुर्ची घेऊन गेला, सूर्याकडे पाठ करून बसला आणि फोटो न काढता परतला. "साहेब, पाऊणशे माणसं मोबाईल घेऊन उभी होती. जो माल सगळ्यांच्या खिशात फुकट आहे, त्याचं दुकान मी कशाला थाटू?"

वारली चित्रांचे फोटो हमखास खपतील, असे अनेकांनी सुचवले. "ज्यानं ते काढलं त्यानं विकावं. मध्ये मी कोण?" सुरकुतलेल्या चेहऱ्यांचे फोटो तर तो काढतच नसे. "बक्षीस मिळतं. पण परक्याची आजी कोणी आपल्या घरात ठेवून घेत नाही. रोज तिच्या नजरेला नजर द्यावी लागते."

वरोरच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा फोटो मात्र त्याने काढला, कारण ती त्याच्या अंगणातली गोष्ट होती. फोटो देखणा होता. डहाणूतल्या एका शिक्षिकाबाईंनी तो घेतला आणि आठव्या दिवशी परत आणला. घरात वास येतो, अशी तक्रार होती. मी हसू दाबले. तो हसला नाही. फोटो नाकाशी नेऊन त्याने गंभीरपणे हुंगला. "बाईंचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मलासुद्धा येतो." मागे लिहिले, 'बोंबील: वास.'

मी एकदा विचारले, "समुद्र नको, चित्र नको, माणूस नको. मग राहिले काय?"

"सगळं काढून जे राहील, तेच विकलं जाईल," तो म्हणाला.

पाच वर्षांत फार थोडे विकले गेले. भरती ओसरल्यावर वाळूत पडून राहिलेल्या दोराचा फोटो एका दंतवैद्याने घेतला आणि रुग्णाच्या खुर्चीसमोर लावला. मुंबईत हॉटेलांच्या खोल्यांसाठी चित्रे निवडणाऱ्या एक बाई दाढेसाठी त्या खुर्चीत बसल्या. तोंड उघडे ठेवून त्यांनी तो दोर अर्धा तास पाहिला. नंतर त्यांनी याला फोन केला. एकाच विषयावरचे निदान बारा फोटो असतील तर पाहीन. शनिवारी, २३ फेब्रुवारीला, डहाणूला येईन.

याच्याकडे एका विषयाचे दोनसुद्धा नव्हते. इकडे वापीला त्याच्या थोरल्या बहिणीच्या मुलाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. तिने निर्वाणीचे सांगितले होते, "होळीपर्यंत काय तो खेळ कर. मग कॅमेरा विक आणि इकडे ये. भाच्याला देखरेखीला माणूस हवा आहे." त्याने शब्द दिला होता. मला खोलीची आगाऊ सूचनाही दिली होती. तिशीपासून शोधत असलेली वस्तू त्याला तीन आठवड्यांत सापडायला हवी होती.

आदल्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलू लागली होती. डहाणूत भांडी वाजत. तलासरीकडच्या पाड्यांत भिंतींना तडे जात. लोक रात्री घराबाहेर प्लास्टिकच्या कापडाखाली झोपत. मी पत्नीचा फोटो उतरवून कपाटात ठेवला, कारण काच होती. पकडीने खिळाही उपटला, भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवले आणि वरून रंग लावला. काम पुरे करण्याची मला सवय आहे. भाडेकरू दारात उभा राहून पाहत होता.

"खिळा का काढलात?"

"फोटो नाही, तर खिळ्याचे काय काम?"

त्याच्या वरच्या खिशात नेहमी पुठ्ठ्याची एक चौकट असे. साडीच्या खोक्यातून कापलेली. कोणत्याही जागेकडे तो आधी तीतून पाहत असे. त्याने ती डोळ्यांसमोर धरली, माझी भिंत पाहिली आणि चौकट परत खिशात ठेवली.

फेब्रुवारीच्या आरंभी मी झरीच्या बाजूच्या एका पाड्यावर विचारपूस करायला निघालो. तिथल्या रामीबाईची जमीन मी पूर्वी मोजली होती. तेव्हापासून दर वर्षी ती नव्या तांदळाची पायली पाठवते. तो बरोबर आला. रामीबाईने घर दाखवले. विटांचे घरकुल, चुलीच्या धुराने तपकिरी झालेल्या भिंती. काचा फुटून पोरांच्या अंगावर पडतील म्हणून सगळ्या पाड्याने देवांचे आणि गेलेल्यांचे फोटो उतरवले होते. ते गोधडीत गुंडाळून भाताच्या कणगीत ठेवले होते. भिंतीवर जिथे फोटो होता तिथे मूळ रंगाचा स्वच्छ चौकोन उरला होता. कुठे निळा, कुठे गुलाबी, कुठे पोपटी.

पुठ्ठ्याची चौकट हातात घेऊन तो घराघरांतून दोन तास हिंडला. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरल्यासारखा दिसत होता. तो त्याच्या आनंदाचा चेहरा होता.

"साहेब, मिळालं."

पहिल्या भेटीत तो कधी फोटो काढत नसे. जागेला आपली ओळख होऊ द्यावी, असे त्याचे म्हणणे. निघताना तो रामीबाईला म्हणाला, "मावशी, पुढच्या पंधरवड्यात मोठा कॅमेरा घेऊन येतो. तुमच्या भिंतींचे फोटो काढायचे आहेत."

"भिंतींचे?"

"सगळ्या पाड्याच्या."

हे एक वाक्य त्याने बोलायला नको होते.

तर २० फेब्रुवारीला चारोटीला चहा घेऊन आम्ही साडेआठला पाड्यावर पोहोचलो. मोटारसायकल थांबली आणि तो उतरलाच नाही. सगळा पाडा पांढराशुभ्र होता. घरे आतून-बाहेरून चुन्याने रंगवलेली. अंगणे सारवलेली. रामीबाई दारात उभी होती. हातांवर कोपरापर्यंत चुन्याचे ओघळ.

"या साहेब. पाव्हणे, बघा. तुम्ही फोटो काढणार, मग काळ्या भिंती दाखवायच्या का? लाज नाय वाटणार? चार दिस आम्ही बाया हेच करतो. माझ्या पोरीच्या लग्नाला एवढा चुना नव्हता मारला."

शेजारीण म्हणाली, "आमची भिंत आधी काढा. हिची एकदाच रंगवलीय, आमची दोनदा."

"तुझी पहिली पोपडे धरून पडली, म्हणून दोनदा," रामीबाई म्हणाली.

सगळ्याजणी हसल्या. तोही हसला. "छान झालंय, मावशी. फार छान," तो म्हणाला. त्या आवाजात काही कमी-जास्त नव्हते, हे मी नोंदवून ठेवतो. मग त्याने खुर्ची उघडली आणि रामीबाईच्या भिंतीसमोर बसला. एकही चौकोन उरला नव्हता. मी बाहेर उभा राहिलो.

थोड्या वेळाने तो आला.

"साहेब, वापीची गाडी किती वाजता असते?"

"तुम्हाला पाठ आहे."

"बायांवर रागवायचं नाही हं. पाहुणा येणार म्हटल्यावर घर कोण काळं ठेवील? माझ्या आईनंसुद्धा हेच केलं असतं. चूक माझीच."

"मी कोणावर रागावलेलो नाही. खुर्ची घ्या, निघू."

खुर्ची आणायला तो आत गेला आणि बाहेर आला नाही. मी डोकावलो. दारातून ऊन आत आले होते आणि भिंतीवर तिरपे पडले होते. पांढऱ्या भिंतीच्या मधोमध एक गंजका खिळा होता. त्याची बोटभर लांब सावली ओल्या चुन्यावर पडली होती. खिळ्याला चुन्याचा थेंबही लागलेला नव्हता. तो त्याच्याकडे पुठ्ठ्याच्या चौकटीतून पाहत होता.

"मावशी, हा खिळा तेवढा राहिला."

"राहिला नाय, ठेवलाय," रामीबाई म्हणाली. "त्याला फडकं बांधलं आणि भोवतीनं कुंचा फिरवला. म्हाताऱ्याचा खिळा हाय तो. धरणी थांबली की म्हातारा परत वर जाईल. खिळा काढला, तर येणार कुठं?"

मी पिशवीतून पाणसळ काढली. दुसरे काही सुचले नाही.

"तिपाई लावा," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही दुपारपर्यंत काम थांबवले नाही. प्रत्येक घरात खिळा होता, प्रत्येक खिळा चुन्यातून वाचवलेला. एकीने त्याला हळदीचा दोरा गुंडाळला होता. एका खिळ्यावर पोराचा कंगवा अडकवला होता, "तवर रिकामा कशाला" म्हणून. एकावर गेल्या दिवाळीच्या झेंडूची सुकलेली माळ. ऊन ज्या घरात शिरेल त्या घरात आम्ही. मी पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणून देई आणि तो काढी.

"खिळा तिरका आहे," एका घरी मी म्हणालो.

"असू द्या, साहेब. आहे तिथे आहे."

अकराच्या सुमारास जमीन हलली. आधी खालून गडगड, मग भांडी. सगळे अंगणात आले. पोरे मोजली गेली. रामीबाई पहिली आत गेली. "झालं. या," ती म्हणाली. जमीन हलली त्या क्षणी तो नेमका फोटो घेत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकाचे दोन खिळे दिसत होते. मला तो फोटो वेगळा वाटला आणि मी तसे म्हणालो. असे मी पाच वर्षांत प्रथमच म्हणालो असेन. त्याने तो पुसून टाकला.

"भूकंप विकायचा नाही, साहेब. खिळा विकायचा."

दुपारी रामीबाईने नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी वाढली. आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो. माझा घास थांबला नाही आणि नजर चार-पाच वेळा वर गेली. तो माझ्याकडे पाहत होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. शनिवारी मुंबईच्या बाई आल्या. त्याने आधी काहीच दाखवले नाही. चौदा फोटो माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि बाईंना जेवायला बसवले. मी वालाची उसळ केली होती. बाई पोटभर जेवल्या, उसळ पुन्हा मागून घेतली. मग हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "या खिळ्यांची वाट बघायची पद्धत मला आवडली." चौदापैकी बारा त्यांनी निवडले. उरलेल्या दोन फोटोंच्या पाठीवर त्याने काहीच लिहिले नाही. होळी झाली, तो वापीला गेला; बहिणीला पुरणपोळी देऊन तिसऱ्या दिवशी परत आला. कॅमेरा अजून त्याच्याकडेच आहे. खोलीही.

बारापैकी पहिला फोटो त्याने मोठा करून रामीबाईला नेऊन दिला. तिने तो उलटासुलटा पाहिला.

"हा तर आमचा खिळा. हा लावायला मला दुसरा खिळा ठोकावा लागेल की!"

सगळ्या पाड्याला हसू आवरेना. मग तिने तो गोधडीत गुंडाळला आणि कणगीत नवऱ्याच्या फोटोवर ठेवला.

२० फेब्रुवारीला आम्ही संध्याकाळी पावणेसहाला डहाणूला परतलो. तो फोटो पाहायला खोलीत गेला. मी पाणसळ पुसली, फीत गुंडाळली, ओळंब्याचा दोर सोडवून ठेवला. चहा केला. कपाट उघडून पाहिले आणि बंद केले.

जुनी जागा मला मापाने ठाऊक होती. जमिनीपासून पाच फूट चार इंच, दाराच्या समोरच्या कोपऱ्यापासून तीन फूट दोन इंच. बुजवून रंगवलेल्या भोकावर पेन्सिलीने खूण केली. साडेसहा वाजता मी त्या जागी दोन इंची खिळा ठोकला. तो किंचित तिरका गेला. मी तो तसाच राहू दिला आणि हातोडी पेटीत ठेवली.